१६०० मीटर आणि गोळा, दोन्हीची तयारी एकत्र कशी करायची? (पोलीस भरती)

माणदेशी_२१

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातला. वय २१, उंची १६९, वजन ६१ किलो. जिल्हा पोलीस शिपाई भरतीची तयारी करतोय. लेखीचं फारसं टेन्शन नाही, दुपारभर अभ्यासिकेत असतो. घोडं अडलंय ते मैदानात.

सध्या १६०० मीटरला ५ मिनिटं ४५ सेकंद लागतात. गोळा ७ मीटरच्या अलीकडे-पलीकडे पडतो. शंभर मीटर १३ सेकंदांच्या जरा वर.

पावसाळ्यात सगळा भर पळण्यावर होता. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, आणि शेवटी घड्याळ लावून १६०० फुल्ल ताकदीने. टायमिंग सुधारलं, पण वजन ६४ वरून ६१ वर आलं आणि गोळा अर्धा मीटर मागे आला. म्हणून दिवाळीनंतर तालुक्याला जिम लावली. एक दिवस छाती, एक दिवस दंड, एक दिवस खांदे, एक दिवस पाय. गोळा परत थोडा पुढे सरकला, पण पाय असे भरून येतात की मागच्या आठवड्यात १६०० ला सहा मिनिटं लागली.

जिमचा ट्रेनर म्हणतो, "रनिंग बंद कर, सगळा मसल जळतोय." मैदानावरची सीनियर पोरं म्हणतात, "जिम बंद कर, अंग आखडतं, पळता येत नाही." मला दोन्ही लागतंय. १६०० ला २० गुण, गोळ्याला १५, शंभरला १५. एकही सोडून भागत नाही.

आता परिस्थिती सांगतो. घरची डाळिंबाची बाग आहे, फवारणीच्या दिवशी सकाळ त्यातच जाते. जिमला जाऊन-येऊन १४ किलोमीटर गाडी मारावी लागते, पेट्रोलचा खर्च जड जातो. गावात मैदान नाही, बाजरी काढलेलं रान आहे. आम्हा चौघांत मिळून एक गोळा आहे. आणि गेल्या काही दिवसांपासून उजवी नडगी आतल्या बाजूने दुखतेय. पळायला लागलं की आधी जास्त, अंग गरम झालं की कमी.

एका दिवशी दोन्ही केलं तर चालतं का? आधी काय करायचं? जिम सोडली तर घरच्या घरी ताकद कशी वाढवायची? जाणकारांनी सांगावं.

---

खाकी_सातारा

भावा, मी खात्यात आहे, म्हणून मैदानाच्या दिवसाचं सांगतो. पहाटे आत घेतात. कागदपत्रं, मग उंची आणि छाती (न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, हे रोज आरशासमोर करून बघ, चांगली पळणारी पोरं इथे बाहेर जातात). मग इव्हेंट. प्रत्येक ठिकाणी रांग. कुठे आधी १६००, कुठे आधी गोळा. तुझ्या हातात तो क्रम नसतो. म्हणून पळून दमल्यावर गोळा टाकायचीही सवय पाहिजे.

मैदानी ५० पैकी निम्मे गुण म्हणजे पास, पण तेवढ्यावर लेखीला बोलावतीलच असं नाही. एका जागेला दहा जणांनाच बोलावतात, त्यामुळे खरी लढाई चाळीसच्या वर असते.

व्यायामाचं इथल्या मॅडम जास्त चांगलं सांगतील.

---

क्रीडाशिक्षिका_सांगली

तुझ्या वयाची मुलं रोज सकाळी माझ्यासमोर असतात, म्हणून सरळ "तू" म्हणते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असताना कोल्हापूरला विद्यापीठाच्या मैदानावर गोळा आणि थाळी फेकायचे. शाळा भरायच्या आधी भरतीच्या मुलामुलींचा सराव घेते.

आधी ट्रेनरचं म्हणणं घेऊ. त्याची भीती हवेतून आलेली नाही. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी माणसांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्याला पाच दिवस फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने सहा दिवस रोज चाळीस मिनिटं फक्त दमाचा. तिसऱ्याने दोन्ही कामं केली, काहीही कमी न करता. दहा आठवडे हे चाललं. तिसऱ्या गटाची ताकद सात आठवड्यांपर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरली. ट्रेनर लोक एवढंच सांगतात. पण त्याच तिसऱ्या गटाचा दम मात्र फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला होता. ताकदीच्या कामाने त्यांचं पळणं बिघडलं नाही. शिवाय ती माणसं आठवड्याला अकरा वेळा जीव तोडून व्यायाम करत होती. तुला त्याच्या साधारण निम्म्यात भागेल.

आता सीनियर पोरांचं म्हणणं. १९९९ साली फिनलंडमध्ये पळणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या एकूण सरावातला जवळजवळ एक तृतीयांश भाग बदलला आणि तिथे उड्या, छोट्या स्प्रिंट, हलक्या वजनाचे पण झटक्यात करायचे पायांचे व्यायाम घातले. नऊ आठवड्यांनी त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता होती तेवढीच होती. फरक पायात पडला. पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकू लागलं आणि तेवढ्याच श्वासात जास्त अंतर जाऊ लागलं. तेव्हा ताकदीने अंग आखडतं हे मी मानत नाही. अंग आखडतं ते पंधरा-वीसचे सेट दम संपेपर्यंत मारल्याने, आणि जिममध्ये तू नेमकं तेच करतोयस असं दिसतं.

तुझ्या पळण्यातही तीच गडबड आहे. रोज घड्याळ लावून १६०० पळणं म्हणजे अभ्यास न करता रोज परीक्षा देणं. पूर्ण १६०० ला घड्याळ महिन्यातून एकदाच लाव. बाकीचे दिवस एकतर खरंच हळू, नाहीतर खरंच जोरात. मधल्या वेगाने रोज पळालास की दमही पुरता वाढत नाही आणि पाय गोळ्यासाठी ताजे राहत नाहीत.

माझ्या मुलांचा आठवडा कसा असतो ते सांगते. तुझ्या फवारणीप्रमाणे दिवस मागेपुढे कर, पण क्रम मोडू नकोस.

सोमवार आणि शुक्रवार गोळ्याचे. अंग नीट गरम केल्यावर आधी तीस-तीस मीटरच्या चार-पाच स्प्रिंट, मध्ये पूर्ण विश्रांती. मग गोळा, पंधरा ते वीस फेकी, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक फेकीनंतर निदान एक मिनिट थांबायचं. त्यानंतर ताकदीचे व्यायाम. त्या दिवशी पळणं नाही. बुधवारी वेगाचं पळणं. मंगळवारी आणि शनिवारी अर्धा-पाऊण तास इतकं हळू पळायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रविवारी तसंच हळू, पण पन्नास मिनिटं ते एक तास. गुरुवारी सुट्टी. गुरुवारी क्रिकेटही नाही.

एकाच दिवशी दोन्ही करावंच लागलं तर गोळा आणि ताकद सकाळी, पळणं संध्याकाळी. मध्ये सहा तास तरी जाऊ देत आणि दुपारचं जेवण भरपूर असू दे. एकाच वेळी उरकायचं असेल तर ताकद आधी, पळणं नंतर. दमलेल्या पायांनी टाकलेला गोळा हळू सुटतो आणि शरीर तोच हळू वेग शिकून घेतं. खाकी दादांचं म्हणणं मात्र बरोबर आहे, मैदानात क्रम आपल्या हातात नसतो. म्हणून भरतीच्या आधीच्या चार आठवड्यांत आठवड्यातून एकदा १६०० पळून, पंधरा-वीस मिनिटं थांबून चार-पाच फेकी टाकायच्या. ती फक्त सवय. त्या दिवशी ताकद वाढत नसते.

बुधवारचं नीट समजून घे. ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण २० गुण. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तू आज फेरीला ८६ घेतोस. एकदम ७७ च्या मागे लागलास तर तिसऱ्या फेरीत पाय धरतील. सुरुवातीला ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत. सहाही सारख्या आल्या पाहिजेत. पहिली ७६ आणि शेवटची ९० अशी आली तर तो दिवस वाया गेला असं समज. दोन आठवडे ८२ नीट जमलं की ८०, मग ७८. मैदान नाही म्हणतोस ना, मग बागेसाठी टेप असेलच. कच्च्या सपाट रस्त्यावर ४०० मीटर मोज आणि दोन्ही टोकांना चुन्याची खूण कर. मोबाईलच्या ॲपवर एवढ्या छोट्या अंतरासाठी विसंबू नकोस.

आता जिम. सोडलीस तरी चालेल. खताची रिकामी गोणी घे, एकात एक अशा दोन, नाहीतर शिवण उसवते. त्यात तीस-पस्तीस किलो वाळू भर, तोंड सुतळीने घट्ट आवळ. ती गोणी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून बैठक: खाली सावकाश, वर येताना झटक्यात. पाचच वेळा, आणि मग अडीच-तीन मिनिटं स्वस्थ बसायचं. असे चार सेट. पाचवी बैठक सहज निघाली की पुढच्या आठवड्यात दोन-तीन किलो वाळू वाढव. मग ओट्यावर एका पायाने चढणं, गोणी खांद्यावर, प्रत्येक पायाला सहा. मग गोणी जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलणं, पाठ सरळ, कंबरेतून वाकून. शेवटी जोर, पाठीवर दहा किलोचं छोटं पोतं ठेवून. बस. पाऊण तासात संपतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही एवढे पाय दुखले तर जास्त केलंस असं समज.

नडगीबद्दल. डांबरी रस्ता आजच बंद. तुझं बाजरीचं रान हळू पळायला उत्तम आहे, धसकटं मात्र बघून पळ. आतल्या बाजूने लांबट पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुतेकदा स्नायू हाडाला चिकटतो तिथली सूज असते. तीन आठवडे पळणं निम्म्यावर आण आणि उरलेला वेळ सायकल चालव. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, रोज पंधराचे तीन सेट. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव. तिथे हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि त्यावर पळत राहिलास तर अख्खं वर्ष हातचं जाईल.

आणि खाणं. वजन ६४ वरून ६१ वर आलं याला पळण्यापेक्षा ताट जास्त कारणीभूत आहे. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम प्रथिनं लागतात. पावडरचा डबा नको. चार अंडी, अर्धा लिटर दूध, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम फुटाणे, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि दोन वेळची डाळ-उसळ, एवढ्यात शंभरच्या वर जातात. भाकरी कमी करू नकोस. पळणाऱ्याचं इंधन भाकरी-भात हेच आहे.

---

तालीमवाला

मॅडम, माहिती चांगली आहे, पण एक विचारतो. आमच्या तालमीत पोरं पाचशे-पाचशे बैठका आणि दोनशे जोर मारतात, त्यानंतर मातीत तासभर लढतात. दमही तिथेच आणि ताकदही तिथेच. मग वाळूची गोणी, पाचच बैठका आणि तीन मिनिटं बसून राहणं हे कशाला? आमच्या वस्तादांनी पाहिलं तर कान धरतील.

---

क्रीडाशिक्षिका_सांगली

दादा, तालमीला मी मनापासून मानते. माझ्या मुलांना जमेल तेव्हा तालमीत पाठवतेही. पण पाचशे बैठकांनी काय वाढतं ते बघा. पाचशे बैठका काढणारा माणूस पाचशेव्या बैठकीलाही स्वतःचंच वजन उचलतो. पायाचा दम प्रचंड वाढतो, आणि कुस्तीत तासभर टिकायला तोच लागतो. गोळा मात्र हातातून सुटेपर्यंत जेमतेम सेकंदभराचं काम असतं. त्या सेकंदात पायांनी जमिनीला जितका जोर दिला तितकाच ७.२६ किलोच्या गोळ्याला वेग मिळतो. हा जोर वाढवायला वजन वाढवावं लागतं आणि बैठकांची संख्या कमी ठेवावी लागते. तुमचे पैलवानही समोरच्याला खांद्यावर घेऊन बैठका मारतात ना? तेच हे. या मुलाकडे घरी खांद्यावर घ्यायला जोडीदार नाही, म्हणून गोणी सांगितली.

तालमीतलं मी या मुलाला नक्की देईन ते म्हणजे दोर चढणं, मुद्गल आणि सपाट्या. मुद्गल फिरवणाऱ्याचा खांदा गोळ्याला लवकर दुखत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शुक्रवारी ताकदीनंतर दहा मिनिटं मुद्गल फिरवले तर उत्तमच.

गोळा धरायचा कसा हेही इथेच सांगते, कारण बहुतेक मुलांचा अर्धा मीटर तिथेच जातो. गोळा ओल्या मातीत लोळवून घ्यायचा, एक फेक टाकायची आणि मग आपला हात बघायचा. माती बोटांवर आणि बोटांच्या मुळाशी लागलेली दिसली पाहिजे. तळहात स्वच्छ राहिला पाहिजे. तळहातावर मातीचा गोल उमटला असेल तर गोळा तळव्यात बसला होता, म्हणजे शेवटचा मनगटाचा आणि बोटांचा झटका मिळालाच नाही. मानेवरही, हनुवटीच्या खाली, मातीचा डाग हवा. तो नसेल तर गोळा मानेपासून सुटला होता, आणि तो खांद्यामागे गेला तर ती फेक पंच बाद धरतील. आठवडाभर प्रत्येक फेकीनंतर हात आणि मान बघा, दुसरं काही बघू नका.

फेकताना नजर फार वर नको. ४५ अंशांत टाका असं पुष्कळजण सांगतात. पण गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि सरळ वर ढकलताना हातात जोर कमी येतो, त्यामुळे मोठमोठे फेकणारेही ३५ ते ३८ अंशांच्या आसपासच सोडतात.

---

जिद्द_सोलापूर

मॅडम, मुलींसाठीही सांगा ना. मी सोलापूर जिल्ह्यातली, ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. ८०० ला सध्या ३ मिनिटं २० सेकंद, गोळा ४.८० मीटर. दुसऱ्या फेरीला छाती भरून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. आई म्हणते वजन उचललंस तर पोटाला त्रास होईल, आणि पाळीत मैदानावर जायचंच नाही. मैत्रिणी म्हणतात हात पुरुषी होतील. सराव वाढवू की कमी करू?

---

क्रीडाशिक्षिका_सांगली

बाळा, वाढवू तर नकोसच, थोडे दिवस कमी कर. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ९.८ वर कितीही पळालीस तरी स्नायूंना प्राणवायू पोहोचवणारं वाहनच कमी आहे. तुझी दुसरी फेरी तिथे अडते, जिद्दीत काही कमी नाही. या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तो रिपोर्ट दाखव, अंधारी येते हेही सांग. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. जंताच्या गोळीचंही विचार. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे तासभर घ्यायची नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घे. हिमोग्लोबिन वाढायला आठवडे जातात, चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नकोस. तोवर फक्त हळू पळणं आणि गोळ्याचं तंत्र. वेगाच्या फेऱ्या बंद, आणि अंधारी आली की त्या क्षणी थांबायचं.

हिमोग्लोबिन वर आलं की तुझाही आठवडा वर लिहिला तसाच. पूर्ण गुणांसाठी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे फेरीला ८५. तू ९० पासून सुरू कर, ४०० च्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं. गोळ्याला ६ मीटर हवेत. गोणीत पंधरा किलो पुरे.

आईला माझं नाव सांगून सांग, वजनाने पोटाला काही होत नाही. श्वास कोंडून उचलायचं नाही, एवढंच. वर येताना श्वास सोड. हात पुरुषी होण्याबद्दल म्हणशील तर माझ्याकडच्या मुली वर्षानुवर्षं गोणी उचलतात. त्यांचे खांदे सरळ झाले, पाठ ताठ झाली. पाळीत पोट दुखत असेल तर घरी थांब, नसेल दुखत तर ये. मैदानाची तारीख पाळी बघून येत नाही, तेव्हा आपलं शरीर त्या दिवसांत कसं चालतं हे आपल्याला माहीत असायला हवं. एक मात्र लक्षात ठेव: सराव वाढला आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर बरं झालं, कटकट गेली असं समजू नकोस. खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते. त्या अवस्थेत हाडं कमकुवत होतात. डॉक्टरांना दाखवायचं.

---

खाकी_सातारा

मॅडमनी लिहिलेलं अभ्यासिकेच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. माझ्याकडून दोन गोष्टी.

पहिली, ऊन. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी झालं, पण ऊन तेवढंच आहे. पहाटे चारला उठून, प्रवास करून, उपाशीपोटी दहा वाजता पळायचं म्हणजे खेळ नाही. आदल्या रात्री नीट जेवा, पाणी पीत राहा, पळायच्या दोन तास आधी केळी, गूळ-शेंगदाणे असं काहीतरी पोटात जाऊ द्या. गरगरलं, थंडी वाजल्यासारखं झालं तर बाजूला व्हा. भरती पुन्हा येते.

दुसरी, इंजेक्शनं. मैदानाबाहेर दम वाढवतो म्हणून काहीबाही टोचणारे असतात. हात जोडून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. सापडलात तर बाद व्हालच, आणि नाही सापडलात तरी उन्हात काळजावर काय ताण येईल याचा नेम नाही.

---

माणदेशी_२१

मॅडम, दादा, मनापासून धन्यवाद. गोणी आज भरली, चौतीस किलो झाली. मातीवाली परीक्षाही करून बघितली. तळहातावर अख्खा गोल उमटला! चौघांचाही तसाच. आता सगळे बोटांवर धरून टाकतोय, अंतर सध्या कमीच पडतंय आणि बोटं दुखतायत. हे असंच होतं का?

अजून दोन विचारायचं होतं. राज्य राखीव दलाचाही फॉर्म भरायचा विचार आहे, तिथे ५ किलोमीटर असतात. त्यासाठी सगळं बदलावं लागेल का? आणि मैदानाची तारीख आली की शेवटचे दहा-बारा दिवस काय करायचं?

---

क्रीडाशिक्षिका_सांगली

होतं असंच. बोटांना अजून वजनाची सवय नाही. दोन-तीन आठवडे ५ किलोचा गोळा मिळतो का बघ, जवळच्या हायस्कूलमध्ये असेल. तिथल्या सरांना विचार, देतील. निम्म्या फेकी त्याने टाक आणि निम्म्या ७.२६ ने. हलक्या गोळ्याने हाताला वेग कळतो, बोटंही तयार होतात. अंतर आत्ता मोजूच नकोस. बोटांच्या सांध्यात सूज दिसली तर मात्र दोन-चार दिवस गोळा बंद.

५ किलोमीटरसाठी सगळं बदलू नकोस. सोमवार-शुक्रवार आहेत तसेच ठेव. रविवारचं हळू पळणं सवा तासापर्यंत ने, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. बुधवारी एक आड एक आठवडा ४०० च्या ऐवजी १००० मीटरचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं चालत. वेग असा की चौथा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात आला पाहिजे. हे सगळं नडगी पूर्ण बरी झाल्यावर. त्याआधी रविवारही सायकलवरच.

शेवटच्या दहा दिवसांत नवीन काहीही करायचं नाही. नवे बूटसुद्धा नाहीत. पळण्याचं अंतर निम्मं कर, वेग तोच ठेव. बुधवारी सहा फेऱ्यांच्या जागी तीन, पण ७८ च्याच. गोणीचा शेवटचा दिवस मैदानाच्या सहा दिवस आधी, तोही दोनच सेटचा. गोळ्याच्या दर दिवशी सात-आठ फेकी पुरेत. या दिवसांत अंग हलकं वाटतं आणि मुलांना वाटतं की सराव बुडतोय, मग ती आदल्या दिवशी १६०० पळून बघतात. तू बघू नकोस. आदल्या दिवशी पंधरा मिनिटं चालणं आणि चार छोट्या स्प्रिंट, संपलं.

मैदानावर रांगेत तासन्‌तास बसावं लागेल. अंगावर जुना स्वेटर असू दे, दर वीस मिनिटांनी उठून चाल. तुझा नंबर यायला दहा मिनिटं असताना जागच्या जागी गुडघे उचलून पळ, मग दोन-तीन उंच उड्या. १६०० ची पहिली फेरी ७८ ला घ्यायची. सगळे ७० ने सुटतील, त्यांना जाऊ दे. तिसऱ्या फेरीत ते सापडायला लागतात, आणि तिथून पुढे तू बुधवारी जे केलंयस तेच करायचंय.